एमआयबीत ओआयडी क्रमांक देताना या चुका टाळा

एमआयबी म्हणजे नेटवर्कवरच्या उपकरणातून काय काय वाचता येतं त्याची यादी. ती लिहिताना ऑब्जेक्टच्या, म्हणजे यादीतल्या नोंदीच्या नावावर तासभर चर्चा होते आणि तिचा क्रमांक (ओआयडी, म्हणजे ठिपक्यांनी जोडलेले आकडे) मात्र दोन मिनिटांत टाकला जातो. पण एसएनएमपीच्या, म्हणजे उपकरणांवर नजर ठेवायच्या प्रोटोकॉलच्या पॅकेटमधून नाव जातच नाही, जातो तो फक्त क्रमांक. म्हणून नाव एक वेळ चुकलं तर चालेल, क्रमांक चुकून चालणार नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे एकदा प्रसिद्ध झालेला क्रमांक पुन्हा वापरणं. समजा, टेबलमध्ये ४ नंबरच्या कॉलमला तापमान आहे आणि ५ नंबरला पंख्याचा वेग. नव्या आवृत्तीत तापमान काढलं आणि यादीत खड्डा नको म्हणून पंखा ४ वर सरकवला. ज्या ग्राहकाकडे जुनी एमआयबी फाइल लोड आहे, त्याला आता तापमान ४२०० अंश दिसतं. एरर कुठेच नाही, कारण दोन्ही पूर्णांकच! तो माणूस रात्री सर्व्हर रूमकडे धावतो. हे टाळायला ४ नंबर तसाच ठेवा, त्याचं स्टेटस 'ऑब्सोलीट' करा आणि नवं काही आलं तर शेवटच्या पुढचा क्रमांक द्या. यादीतला खड्डा कुणालाही त्रास देत नाही.

दुसरी चूक, कंपन्या-संस्थांसाठीच्या १.३.६.१.४.१ या शाखेखाली मनाला येईल तो क्रमांक टाकणं. तिथला ९ सिस्कोचा आहे, ८०७२ नेट-एसएनएमपी या सॉफ्टवेअरचा. स्वतःचा क्रमांक आयएएनए (IANA) या इंटरनेटचे क्रमांक वाटणाऱ्या संस्थेकडून विनामूल्य मिळतो, मग उधारी कशाला? दस्तऐवजातल्या उदाहरणांसाठी ३२४७३ राखून ठेवलेला आहे.

रचनेचे नियमही पाळा. टेबलखालची एंट्री (ओळीची व्याख्या) नेहमी .१ असते आणि कॉलम १ पासून सुरू होतात, ० पासून नाही. नोटिफिकेशनच्या, म्हणजे उपकरण स्वतःहून पाठवतं त्या सूचनेच्या ओआयडीत शेवटून दुसरा आकडा ० हवा. तो नसेल तर एसएनएमपी आवृत्ती १ चा ट्रॅप (तिथली अशीच सूचना) आणि आवृत्ती २ चं नोटिफिकेशन यांचं एकमेकांत रूपांतर करून मूळ ओआयडी परत मिळत नाही.

आता चाचणीत दिसणाऱ्या दोन तक्रारी. स्केलर (टेबलबाहेरचा, एकच किंमत असलेला ऑब्जेक्ट) वाचताना 'असा इन्स्टन्स नाही' असं उत्तर आलं, तर आधी शेवटी .० लावलंय का ते पाहा. बहुतेक वेळा तेवढंच राहिलेलं असतं. दुसरी तक्रार म्हणजे एकामागून एक ओआयडी वाचत जाणारा एसएनएमपीवॉक मध्येच थांबतो आणि ओआयडी वाढत नसल्याचं सांगतो. अशा वेळी एजंटचा, म्हणजे उपकरणावर उत्तरं देणाऱ्या प्रोग्रॅमचा कोड उघडा. तिथे क्रम अक्षरांसारखा लावलेला सापडतो: १, १०, २. प्रत्येक आकडा संख्या म्हणूनच तोलायला हवा. इंडेक्स (टेबलमधली ओळ ज्यावरून ओळखतात तो भाग) कमी-जास्त लांबीची स्ट्रिंग असेल तर तिची लांबी आधी मोजली जाते. त्यामुळे तीन अक्षरी नाव पाच अक्षरी नावाच्या आधी येतं, मग वर्णानुक्रम काहीही असो. एमआयबीत इंडेक्सला 'इम्प्लाइड' हा शब्द लावला असेल तरच हे बदलतं.

फाइल बाहेर पाठवण्याआधी लिबएसएमआय या एमआयबी तपासायच्या साधनांच्या संचातलं एसएमआयलिंट चालवाच. नवी आवृत्ती असेल तर त्याच संचातल्या एसएमआयडिफने जुनी आणि नवी फाइल ताडून पाहा. ४ वर सरकलेला तो पंखा तिथेच सापडेल.