एक खोका धरा आणि पदवीभर त्याच्या मागे जा

इंटरनॅशनल लॉजिस्टिक्स मॅनेजमेंटला, म्हणजे देशोदेशी माल पोहोचवण्याचं व्यवस्थापन शिकवणाऱ्या पदवीला, प्रवेश घेतला की पहिल्याच सत्रात सात-आठ विषय अंगावर येतात. वाहतूक कायदा, सीमाशुल्क, गोदाम व्यवस्थापन, संख्याशास्त्र, व्यापारवित्त. यांचं एकमेकांशी नातं काय, ते कुणी सांगत नाही. मी पहिलं वर्ष घोकून काढलं, मार्कही बरे पडले, आणि कळलं काहीच नाही. दुसऱ्या वर्षी एक सर म्हणाले, "एक शिपमेंट, म्हणजे पाठवायच्या मालाची एक खेप, मनाशी रचा आणि प्रत्येक विषय तिच्यावर चालवून बघा." आता मी फॉरवर्डिंगमध्ये, म्हणजे दुसऱ्यांचा माल परदेशी पोहोचवून देण्याच्या धंद्यात, काम करते आणि हाताखाली येणाऱ्या इंटर्न मुलामुलींनाही हेच करायला लावते.

माझी शिपमेंट होती कापडी लॅम्पशेडची. २५ खोके, प्रत्येक ६० × ५० × ४० सेंटिमीटरचा, वजन ८ किलो. मुद्दाम हलका आणि फुगीर माल घ्या, शिकायला त्यात जास्त मिळतं. एकूण वजन २०० किलो, घनफळ ३ घनमीटर. विमानाने पाठवायचं तर माल जागा किती खातो त्याचंही वजन धरतात, त्यासाठी घनसेंटिमीटरला ६००० ने भागायचं: एका खोक्याचे २० किलो, सगळ्यांचे ५००. दोन्हींत जास्त असेल त्यावर भाडं, म्हणून ते लागतं या ५०० वर, काट्यावरच्या २०० वर नाही. वर्गात हे सूत्र मला पाठ होतं. तरी इंटर्नशिपच्या दुसऱ्या आठवड्यात अशाच मालाचं कोटेशन मी काट्यावरच्या वजनावर देऊन बसले. साहेब ओरडले नाहीत, त्यांनी तो कागद माझ्या टेबलासमोर चिकटवला. तीन महिने तो तिथेच होता.

आता तेच खोके पॅलेटवर, म्हणजे माल रचून उचलायच्या सपाट चौकटीवर, चढवा. १.२ × १ मीटरच्या पॅलेटवर एका थरात बरोब्बर चार बसतात. तीन थरांचे बारा, दोन पॅलेटचे चोवीस. पंचविसावा उरतो! त्या एकासाठी चौथा थर सुरू करावा लागतो, मग त्याच्यावर दुसरं काही रचता येत नाही. जुना माणूस अशा वेळी खरेदीदारालाच विचारतो, "चोवीस चालतील का?" पुढे ती दोन पॅलेट १.२ मीटरची बाजू आडवी धरून कंटेनरमध्ये शेजारी-शेजारी ठेवून बघा. लागतात २.४ मीटर, आणि कंटेनरची आतली रुंदी साधारण २.३५. पाच सेंटिमीटरने अडतं. पॅलेट आणि कंटेनर ही दोन मापं एकमेकांना विचारून ठरलेली नाहीत, त्याचे हे भोग. हे चित्र वहीत स्वतः काढा, सॉफ्टवेअर नंतर.

सीमाशुल्काच्या तासाला त्याच लॅम्पशेडचा एचएस कोड, म्हणजे शुल्कासाठी मालाच्या वर्गवारीचा क्रमांक, शोधा. पहिले सहा आकडे जगभर सारखे, पुढचे ज्या-त्या देशाचे. दिव्यांच्या भागांत काचेचा भाग ९४०५.९१, प्लास्टिकचा ९४०५.९२, बाकी सगळं ९४०५.९९. आपलं कापड शेवटच्या खणात जातं. म्हणजे वस्तू तीच, पण ती कशाची बनली आहे हे इनव्हॉइसवर नीट लिहिलं नाही तर कोड चुकतो आणि त्यामागून शुल्कही.

सगळ्यात जास्त वेळ द्या इनकोटर्म्सना, म्हणजे सौद्यात कुठपर्यंतचा खर्च आणि जोखीम विक्रेत्याची, कुठून खरेदीदाराची हे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय नियमांना. २०२० च्या आवृत्तीत नियम अकराच आहेत, म्हणून मुलं एका रात्रीत उरकतात आणि सीआयएफ (किंमत, विमा, भाडं) या नियमावर फसतात. सीआयएफमध्ये विक्रेता माल पोहोचण्याच्या बंदरापर्यंतचं भाडं भरतो, विमाही काढतो, पण माल निघण्याच्या बंदरात जहाजावर चढला की जोखीम खरेदीदाराची. खर्च एकीकडे, जोखीम दुसरीकडे. त्यातही तो विमा किमान संरक्षणाचा, चोरी त्यात येत नाही. प्रत्येक नियमासाठी आपल्या खोक्याच्या प्रवासाची एक रेघ काढा, तिच्यावर दोन रंगांच्या खुणा करा: पैसे कुठे बदलले, जोखीम कुठे बदलली. अकरा रेघा काढून झाल्या की परीक्षेत पुस्तक आठवावं लागत नाही. जाता जाता, कंटेनरच्या मालाला एफओबी (माल जहाजावर चढला की जोखीम खरेदीदाराची) लावू नये, एफसीए (माल वाहतूकदाराच्या ताब्यात दिला की जोखीम खरेदीदाराची) लावावं, असं नियमच सांगतात. धंद्यात मात्र सर्रास एफओबीच चालतं. परीक्षेत नियमाचं उत्तर लिहा.

कागदपत्रांचे नमुने हाताने भरा. लेटर ऑफ क्रेडिटमध्ये, म्हणजे ठरलेले कागद दिले की पैसे देण्याच्या बँकेच्या हमीत, बँक माल बघत नाही, कागद बघते. इनव्हॉइसवरचं मालाचं वर्णन क्रेडिटमधल्या वर्णनाशी जुळलं नाही तर पैसे अडकतात, माल कितीही उत्तम असो. मित्राने भरलेला बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची माल मिळाल्याची पावती) तुम्ही तपासा, तुमचा त्याने. चुका दुसऱ्याच्याच पटकन दिसतात.

संख्याशास्त्राची धास्ती असलेल्यांसाठी: आपला खरेदीदार रोज ४० लॅम्पशेड विकतो असं धरा. जहाज सुएझ कालव्याऐवजी आफ्रिकेच्या टोकाशी केप ऑफ गुड होपला वळसा घालून गेलं आणि दहा दिवस वाढले, तर समुद्रात ४०० नग जास्त अडकून पडले. इथपर्यंत गुणाकार आहे. पण कधी सहा दिवस उशीर, कधी अठरा, असं झालं की गोदामात किती जादा साठा ठेवायचा? प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून किती इकडेतिकडे पसरतात त्याचं माप, इथे कामाला येतं. मार्च २०२१ मध्ये 'एव्हर गिव्हन' हे कंटेनर जहाज सुएझमध्ये आडवं झालं, कालवा सहा दिवस बंद राहिला. पुढे मालकांनी जनरल ॲव्हरेज जाहीर केलं, म्हणजे सुटकेच्या खर्चाचा वाटा ज्यांच्या मालाला ओरखडाही नव्हता त्यांच्याही माथी आला. विम्याचा तास सुरू होण्याआधी ही घटना वाचून जा.

शेवटच्या वर्षाच्या प्रबंधाबद्दल एकच सांगते. डेटा हातात येईपर्यंत शीर्षक नक्की करू नका. माझं पहिलं शीर्षक 'जागतिक पुरवठा साखळीतील' असं सुरू होऊन दोन ओळी चालायचं. मार्गदर्शक बाईंनी ते खोडलं आणि विचारलं, "तुला मोजता काय येईल?" मग मी एका गोदामाच्या दारात दोन आठवडे घड्याळ घेऊन उभी राहिले. ट्रक आल्यापासून रिकामा होईपर्यंत किती वेळ जातो, एवढंच मोजलं. सर्वात जास्त वेळ माल उतरवण्यात जात नव्हता, गेटवर कागद जुळवण्यात जात होता.