लेखातील छायाचित्रांचा आकार एचटीएमएलने कसा ठरवावा

बेळगावच्या किल्ल्यातील कमल बसदीच्या छतावर दगडात कोरलेले मोठे गोल कमळ आहे. रट्टांच्या राजवटीत, १२०४ साली बांधलेल्या या जैन मंदिराविषयी ऑनलाइन लिहिताना त्या कमळाचे छायाचित्र जोडले, की पुष्कळदा ते पडद्याच्या बाहेर जाते, आणि घाईने आकार कमी केल्यास गोल कमळ लांबट दिसू लागते. कोरीवकाम दाखवण्यासाठी दिलेल्या चित्रातच त्याची घडण बिघडावी, हे योग्य नव्हे. वेबपानाची मांडणी ज्या खुणांच्या भाषेत लिहितात, ते एचटीएमएल थोडे समजून घेतले, तर हे टाळता येते.

चित्र दाखवण्यासाठी ‘आयएमजी’ नावाचा टॅग, म्हणजे कोनी कंसातली खूण, असतो आणि त्यात ‘एसआरसी’पुढे चित्राचा पत्ता लिहिलेला असतो. या पत्त्याचे शेवटचे अवतरणचिन्ह जिथे संपते, त्यापुढे एक जागा सोडून विड्थ हा शब्द रोमन लिपीत (डब्ल्यू, आय, डी, टी, एच) लिहावा, त्याला लागून बरोबरचे चिन्ह द्यावे आणि मग अवतरणचिन्हांत ६०० हा आकडा टाकावा. हा आकडा पिक्सेलचा, म्हणजे चित्र ज्या बारीक ठिपक्यांचे बनते त्यांचा, असतो. त्यापुढे एकक लिहिण्याची गरज नाही. मूळ चित्र ४००० पिक्सेल रुंद आणि ३००० पिक्सेल उंच असेल, तर ब्राउझर उंची आपोआप ४५० धरतो आणि प्रमाण बिघडत नाही.

बिघाड होतो तो रुंदी आणि उंची दोन्ही अंदाजाने दिल्यामुळे. वरच्याच चित्राला ४०० बाय ४०० असे माप दिले, तर कमळ दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखे दिसेल. उंचीही द्यायची असेल, तर नव्या रुंदीला मूळ उंचीने गुणून मूळ रुंदीने भागावे. असा हिशेब करून हाइटचा आकडा दिल्याचा फायदाही आहे : ब्राउझर चित्रासाठी आधीच जागा राखून ठेवतो, त्यामुळे चित्र उशिरा आले तरी वाचकाच्या डोळ्यांसमोरचा मजकूर खाली सरकत नाही.

मराठीत टाइप करणाऱ्यांनी येथे एक गोष्ट विशेष जपावी. टॅगमधील आकडे देवनागरीत लिहिले, तर ब्राउझरला ते आकडे म्हणून समजत नाहीत आणि चित्र मूळ आकारातच राहते. मोबाईलचा कीबोर्ड किंवा वर्ड कधी कधी सरळ अवतरणचिन्हांच्या जागी वळणदार चिन्हे घालतो. त्यांनीही हाच परिणाम होतो. दिसायला सगळे बरोबर आणि तरी चित्र हलत नाही, अशा वेळी या दोन जागा प्रथम तपासाव्यात.

संगणकावर ६०० पिक्सेलची रुंदी शोभते, मात्र बहुतेक मोबाईलच्या उभ्या पडद्याला ती जास्त होते. यासाठी त्याच टॅगच्या ‘स्टाइल’मध्ये, म्हणजे चित्र कसे दिसावे हे सांगणाऱ्या भागात, ‘मॅक्स-विड्थ’ १०० टक्के आणि ‘हाइट’ ऑटो असे लिहावे, म्हणजे चित्र उपलब्ध जागेपेक्षा रुंद होत नाही. काही ठिकाणी स्टाइल लिहिण्याची मुभा नसते. तेथे ३२० ही रुंदी मला सर्वांत सुरक्षित वाटते.

एक गोष्ट मात्र टॅगने कधीच साधत नाही. चित्र लहान दिसले, तरी फाइल तेवढीच राहते. चार एमबीचे छायाचित्र अंगठ्याएवढे दाखवले, तरी जांबोटी-कणकुंबीकडच्या डोंगराळ भागात जेमतेम रेंजवर लेख उघडणाऱ्या वाचकाला पूर्ण चार एमबी उतरवून घ्यावे लागतात. म्हणून अपलोड करण्यापूर्वीच मोबाईलमधील फोटो एडिटरने चित्राची रुंदी १२०० पिक्सेलपर्यंत आणावी. ६०० रुंदीने दाखवताना दुप्पट पिक्सेल हाताशी राहिल्याने आजच्या मोबाईलवर ते स्पष्ट दिसते. उलट, व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले लहान चित्र मोठा आकडा टाकून ताणू नये. नसलेला तपशील त्याने येत नाही, चित्र फक्त धूसर होते.

हलशीच्या भूवराह नरसिंह मंदिरातील शिलालेखाचे छायाचित्र असेल, तर अक्षरे वाचता यावीत म्हणून मोठी प्रतही वेगळी अपलोड करावी आणि लहान चित्राचा टॅग ‘ए’ या दुव्याच्या टॅगमध्ये ठेवून ‘एचरेफ’पुढे मोठ्या प्रतीचा पत्ता द्यावा, म्हणजे ज्याला शिलालेख बारकाईने वाचायचा आहे त्यालाच ती मोठी फाइल उघडावी लागेल.