पेरणीआधी आपल्या रानातला पाऊस आपणच मोजा

मृग लागला, एक-दोन वळीव झाले की गावोगाव एकच चर्चा सुरू होते: शेजाऱ्याची तिफण निघाली, आपण कधी काढायची? परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ सांगत आले आहे की 75 ते 100 मिमी पाऊस झाल्याशिवाय पेरणीची घाई करू नका. आकडा सगळ्यांना पाठ आहे. पण तो मोजायचा कुठे? मोबाइलवर दिसतो तो महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्रावरचा पाऊस. एका मंडळात कितीतरी गावे येतात, आणि जूनचा पाऊस ओढ्याच्या अलीकडे धो धो तर पलीकडे नुसता फुफाटा, असाही पडतो. मंडळात 80 मिमी नोंदला म्हणून पेरलं आणि आपल्या रानात 35च पडलेला असला, तर बी अर्धवट ओलीत फुगून मरतं. म्हणून प्रत्येक शेतात स्वतःचा पर्जन्यमापक हवाच, असं माझं ठाम मत आहे.

विकतचा नसला तरी अडत नाही. दोन लिटरची, सरळ अंगाची प्लास्टिकची बाटली घ्या. वरचा निमुळता भाग कापा आणि उलटा करून नरसाळ्यासारखा तिच्यातच बसवा. तळाला थोडे खडे टाका, म्हणजे वाऱ्याने पडणार नाही. बाटलीचा सरळ भाग सुरू होतो तिथपर्यंत पाणी भरा, तिथे शून्याची खूण करा आणि तिथून वर मिलिमीटरची पट्टी चिकटवा. बादली किंवा घमेलं मात्र चालत नाही. त्यांचं तोंड रुंद आणि बूड अरुंद असल्याने आकडा खोटा येतो.

बाटली जमिनीपासून साधारण फूटभर उंचीवर, उघड्यावर, सरळ उभी बांधा. झाड किंवा गोठा जितका उंच, त्याच्या दुप्पट अंतर सोडा. 20 फुटी लिंब असेल तर 40 फूट लांब. नोंद रोज सकाळी साडेआठला घ्या, कारण हवामान खात्याचा दिवसही तेव्हाच मोजतात. मग पाणी पुन्हा शून्यावर आणा. पाऊस नसला तरी वहीत 0 लिहा; जागा कोरी सोडली तर पुढे कळत नाही की पाऊस नव्हता की बघायचं राहिलं.

एक मिमी म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी. 25 मिमी झाला की एकरावर सुमारे एक लाख लिटर पडलं. पण पडलेलं सगळं मुरत नाही. तासाभरात कोसळलेला 60 मिमी उतारावरून ओढ्याला जातो, तोच तीन दिवसांत रिमझिम झाला तर रानात राहतो. भारी काळ्या रानात पहिलं पाणी भेगांतून खाली उतरतं आणि वरचा थर फसवतो. तेव्हा आकडा पूर्ण झाला तरी खुरप्याने टीचभर खोदून बघा. माती मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा आणि खाली टाकल्यावर फुटावा, तो वाफसा. गोळा चिकट राहिला तर थांबा. मध्येच आठवडाभर कडक उघडीप पडली, तर मी मागची बेरीज सोडून नव्याने मोजायला सांगेन.

अंदाजातले शब्दही नीट वाचा. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे विभागातल्या फार तर पाव भागातल्या केंद्रांवर पाऊस. तो आपल्याकडेच पडेल असं धरून तिफण जुंपू नका. 2.5 मिमीपेक्षा कमी पडला तर हवामान खातं तो पावसाचा दिवसच धरत नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी येणारा विद्यापीठाचा कृषी सल्ला वहीशेजारी ठेवून वाचलात तर जास्त उपयोगी पडतो.

पेरणीनंतर तणनाशक फवारताना वारा बघा. पानांबरोबर बारीक फांद्या सतत हलत असतील तर वारा ताशी 12 किमीच्या वर आहे. पंप खाली ठेवा. आणि गडगडाट चालू असताना बाटली बघायला रानात जाऊ नका. ‘दामिनी’ अ‍ॅपवर जवळपासच्या विजांचा इशारा मिळतो. ढग निवळल्यावर घेतलेली नोंद चालते, फक्त तिच्यापुढे वेळ लिहा.