परसातील कोंबड्या, भटकी मांजरे आणि आसपासचे पक्षी

मखमलाबाद, म्हसरूळ, आडगाव, पाथर्डी अशा नाशिकच्या कडेच्या वस्त्यांत घरामागे चार-सहा गावरान कोंबड्या पाळणारी कुटुंबे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या कुंपणावर एखादे मांजर बसलेले दिसणे ही नित्याची गोष्ट आहे. पिल्लू नाहीसे झाले की आळ प्रथम या मांजरावर येतो. तो खरा असू शकतो, पण बंदोबस्तावर खर्च करण्यापूर्वी खातरजमा करावी, कारण मुंगसाला अडवण्याचा उपाय वेगळा असतो आणि घारीला अडवण्याचा वेगळा.

मांजर लहान पिल्लू उचलून आडोशाला नेते, त्यामुळे जागेवर फार तर थोडी पिसे उरतात. मुंगूस बहुधा दिवसा येते, मानेला किंवा डोक्याला चावते आणि खुराड्यात शिरल्यावर एकाच वेळी अनेक कोंबड्या मारून ठेवते. घूस रात्री पिल्ले बिळाकडे ओढते. कवचाचा तुकडाही मागे न राहता अंडी जात असतील तर सापाचा किंवा घोरपडीचा संशय घ्यावा. भर दुपारी उघड्या अंगणातून पिल्लू गेले असेल तर घार, शिक्रा किंवा कावळा. शंका राहिल्यास संध्याकाळी खुराड्याच्या दारासमोर चाळलेली माती किंवा राख पसरावी. सकाळी चार बोटांचा, नखांची खूण नसलेला गोलसर ठसा दिसला तर ते मांजर. पाच बोटे आणि नखांचे ओरखडे दिसले तर बहुधा मुंगूस.

पूर्ण वाढलेली कोंबडी, विशेषतः पिल्ले घेऊन फिरणारी, मांजराला सहसा जुमानत नाही. खरा धोका दीड-दोन महिन्यांपर्यंतच्या पिल्लांना असतो, म्हणून सारी काळजी त्या काळात एकवटावी. पिल्ले डालग्याखाली ठेवण्याची जुनी पद्धत चांगली आहे, मात्र वजन न ठेवलेले डालगे मांजर पंजाने सहज उलटवते. त्यावर जड दगड ठेवावा.

खुराड्यासाठी बाजारात मिळणारी षटकोनी छिद्रांची पातळ जाळी कोंबड्यांना आत ठेवते, शिकाऱ्याला बाहेर ठेवीत नाही. तिच्या छिद्रांतून मांजराचा पंजा आत जातो आणि झोपलेले पिल्लू जाळीपर्यंत ओढले जाते. निदान खालच्या दोन फुटांना अर्धा इंची चौकोनांची वेल्डमेश जाळी लावावी, तिचा फूटभर भाग जमिनीलगत बाहेरच्या बाजूला पसरून त्यावर दगडमाती घालावी, म्हणजे उकरून आत शिरता येत नाही. छप्पर उघडे ठेवू नये, कारण मांजर भिंतीवरून उतरते. दाराला दोरी न बांधता घट्ट बसणारी कडी लावावी आणि दिवेलागणीपूर्वी कोंबड्या आत घेऊन ती रोज बंद करावी. थंडीत गोणपाट लावताना वरचा झरोका मोकळा ठेवावा. एवढे केले की मांजराचा प्रश्न बहुतांशी सुटतो. बाकीचे उपाय त्याच्या मागून येतात.

मांजर परसात येते ते बहुधा उंदरांसाठी, आणि उंदीर येतात सांडलेल्या खाद्यासाठी. दाणे झाकणाच्या पत्र्याच्या पिंपात ठेवावेत आणि संध्याकाळी उरलेले खाद्य उचलावे. कोंबडी कापल्यानंतरचे अवशेष उघड्यावर न टाकता बांधून घंटागाडीत द्यावेत किंवा खोल पुरावेत, कारण त्यांच्या वासाने मांजरेच काय, कुत्रीही येतात, आणि निफाड-दिंडोरीच्या उसाच्या पट्ट्यात कुत्र्यांमागे बिबट्या येणे अपवादात्मक नाही. आजाराने मेलेली कोंबडी मांजराला कधीही घालू नये. २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लूचा देशातील पहिला उद्रेक झाला होता, आणि त्याचा विषाणू मांजरांनाही होतो.

उंदरांसाठी विषाच्या वड्या मात्र टाकू नयेत. विष खाल्लेला उंदीर मांजराच्या किंवा गव्हाणी घुबडाच्या पोटात जातो, आणि द्राक्षबागांच्या परिसरात ते घुबड कितीतरी उंदीर फुकटात मारते. मांजराला दूर ठेवण्यासाठी टाकलेल्या डांबराच्या गोळ्या आणि तिखट त्याला इजा करतात. संत्र्याच्या साली काही दिवस चालतात, मग मांजर सरावते.

पकडून गंगापूर धरणाकडे नेऊन सोडण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे. उपासमारीची वेळ येईल अशा ठिकाणी पाळीव प्राणी सोडून देणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० नुसार गुन्हा आहे, शिवाय रिकाम्या झालेल्या जागेवर दुसरे मांजर येते. त्याच्या जागी नसबंदी करावी. पिंजऱ्यात सुकट ठेवावी, पिंजरा सावलीत असावा, मांजर अडकताच त्यावर चादर टाकावी म्हणजे ते शांत होते, आणि ताबडतोब पशुवैद्यकाकडे न्यावे. स्तनांत दूध दिसणारी भाटी असेल तर तिला सोडून द्यावे; तिची पिल्ले कुठेतरी उपाशी पडलेली असतात. नसबंदीच्या वेळीच रेबीजची लस द्यावी. मांजर चावले वा ओरबाडले तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन डॉक्टरांकडे जावे.

नसबंदी झालेले आणि पोट भरलेले मांजरही शिकार करते, ही गोष्ट पक्ष्यांच्या बाबतीत महत्त्वाची ठरते. बुलबुल आणि शिंपी जास्वंदीत, कुंडीतल्या झाडांत घरटी करतात. टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते. पक्ष्यांचे पाणी पाच फूट उंचीवर, दाट झुडपापासून सहा-आठ फूट दूर ठेवावे, म्हणजे दबा धरायला जागा राहत नाही. घरटे असलेल्या झाडाच्या बुंध्याला दोन फूट रुंदीचा गुळगुळीत पत्रा गुंडाळावा. आपले पाळलेले मांजर असेल तर पहाटे आणि तिन्हीसांजेला घरात ठेवावे. मांजराच्या तोंडातून सुटलेल्या पक्ष्याला जखम दिसत नसली तरी लाळेतील जंतूंमुळे तो मरू शकतो. त्याला हवेशीर खोक्यात ठेवून पशुवैद्यकाकडे न्यावे. कोंबडीच्या पिल्लालाही हेच लागू आहे.

अखेरीस, कुंपणावर दिसणारे प्रत्येक मांजर भटके असतेच असे नाही. लांब पाय, अंगावर ठळक पट्टे नसलेली वाळूच्या रंगाची फर, टोकाशी काळ्या वलयांची आखूड शेपटी आणि कानांच्या टोकांवर काळे केस असतील तर ते रानमांजर, आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चे संरक्षण त्याला आहे; त्याला पकडू नये. ऊसतोडीच्या वेळी त्याची पिल्ले सरीत सापडतात, तेव्हा त्यांना घरी न आणता जागेवरच राहू द्यावे, माणसे दूर करावीत आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. अंधार पडल्यावर आई बहुधा परत येऊन त्यांना घेऊन जाते.