रिगचा आवाज संगणकात, पण भुणभुणीशिवाय

हॅम रेडिओवरचा सकाळचा चाळीस मीटर बँडवरचा नेट (ठरल्या वेळी हवेत भरणारी हौशी रेडिओवाल्यांची बैठक) रेकॉर्ड करायचा म्हणून लोक मोबाइल स्पीकरसमोर धरून बसतात. त्यात पंखा येतो, कुकरच्या शिट्ट्या येतात आणि जूननंतर पत्र्यावरचा पाऊस निम्मे कॉलसाइन (स्टेशनची ओळख-अक्षरं) गिळून टाकतो. त्यापेक्षा रिगमधून, म्हणजे रेडिओ सेटमधूनच वायर काढा.

आयकॉम आयसी-७३०० असेल तर प्रिंटरला लागते तशी यूएसबी केबल जोडा, ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘यूएसबी ऑडिओ कोडेक’ निवडा, झालं. पुढचं आमच्यासारख्या जुन्या सेटवाल्यांसाठी.

आवाज हेडफोनच्या भोकातून घेऊ नका. घरात कुणी व्हॉल्यूम फिरवला की रेकॉर्डिंग गेलं. मागच्या डेटा सॉकेटमधून घ्या. माझ्या यासू एफटी-८५७ ला सहा पिनांचं मिनी डिन सॉकेट आहे: २ नंबरची पिन ग्राउंड, ५ नंबरवर आवाज. व्हॉल्यूम शून्यावर असला तरी तो येत राहतो. मॅन्युअलमधलं चित्र समोरून पाहिलेल्या सॉकेटचं असतं. प्लगला डाग मागून देतो, म्हणून पिना नीट मोजा.

संगणकाच्या बाजूला स्वस्तातलं यूएसबी साउंड कार्ड घ्या. लॅपटॉपच्या एकुलत्या एक जॅकशी झटापट करू नका.

आता खरी डोकेदुखी. एवढं थेट जोडलंत की कानात ५० हर्ट्झची भुणभुण सुरू होईल. रिगचा पॉवर सप्लाय आणि लॅपटॉपचा चार्जर दोन्ही अर्थिंगला जोडलेले. त्यात तुमच्या केबलचं शील्ड तिसरा दुवा होतं आणि वर्तुळ पुरं होतं. खात्री करायची तर चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा. भुणभुण थांबली तर रोग हाच.

यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘प्लगची अर्थिंगची पिन काढून टाक’. मी एकदा ऐकला. त्याच संध्याकाळी एक हात रिगच्या पत्र्यावर, दुसरा लॅपटॉपवर पडला आणि कोपरापर्यंत मुंग्या आल्या. आमच्याकडे फोंड्याला पावसाळ्यात भिंतींनाही ओल येते. तिथे अर्थिंग तोडणं म्हणजे मूर्खपणा. अर्थिंग जिथल्या तिथे राहू द्या, आवाजाच्या केबलमधून जाणारा ग्राउंडचा दुवा तोडा.

त्यासाठी ६००:६०० ओहमचा छोटा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर हवा. जुन्या डायल-अप मोडेमच्या कार्डात तो असतो. दुरुस्तीवाल्याच्या भंगारात विचारा. एका बाजूला रिगच्या २ आणि ५ नंबरच्या पिना, दुसऱ्या बाजूला साउंड कार्डाकडे जाणारी वायर. आवाज चुंबकीय मार्गाने पलीकडे जातो, ग्राउंड जात नाही.

हे सगळं करूनही माझी भुणभुण जाईना. ट्रान्सफॉर्मर बदलला, केबल बदलली, दोन रविवार गेले. चूक डब्यात होती. दोन्ही सॉकेटं मी एकाच पत्र्याच्या डबीत बसवली होती आणि ट्रान्सफॉर्मरने तोडलेलं ग्राउंड डबीचा पत्रा परत जोडत होता! प्लास्टिकची डबी वापरा. केबल दोन्हीकडून सोडवून रिगकडचं ग्राउंड आणि साउंड कार्डाकडचं ग्राउंड यांच्यात मल्टीमीटर लावा. बीप वाजला तर कुठेतरी चिकटलेलं आहे. सीएटीची (संगणकावरून रिग चालवायची) यूएसबी केबल जोडलेली असेल तर तीही ग्राउंड जोडते. नुसत्या रेकॉर्डिंगला ती काढून ठेवा.

साउंड कार्डाच्या माईक इनपुटला हा आवाज जास्त होतो, म्हणून ट्रान्सफॉर्मरनंतर १० किलोओहमचा रेझिस्टर मालिकेत आणि पुढे १ किलोओहमचा ग्राउंडला द्या. त्याने सुमारे २१ डेसिबल कमी होतात. माईकच्या भोकात थोडा डीसी व्होल्टेज असतो, तो अडवायला टोकाच्या वायरीत १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर.

विंडोजमधली आवाज ‘सुधारणारी’ सगळी सोय बंद करा. सीडब्ल्यूचा (मोर्स संकेतांचा) एकसुरी टोन तिला गोंगाट वाटतो. पातळी सगळ्यात जोरदार स्टेशनवर लावा, शिखर उणे ६ डेसिबलच्या आत. मोनो, १६ बिट, १६,००० हर्ट्झ पुरे. एसएसबीचा (या बँडवर बोलायच्या पद्धतीचा) आवाज तीन किलोहर्ट्झच्या आतच संपतो आणि तासाला सुमारे ११५ एमबीच लागतात. उगाच स्टिरिओ करू नका.

ट्रान्समिट करताना फरफर ऐकू आली तर केबलीवर फेराइटची क्लिप चढवा, दोन वेढे देऊन.

फाइलच्या नावात यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ घाला, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा. आणि आवाज मध्येच कुरकुरू लागला तर ट्रान्सफॉर्मर उघडण्याआधी जॅक चार वेळा आतबाहेर करा. आपल्या खाऱ्या हवेत पितळ लवकर हिरवं पडतं.