पाइपावरचा चुंबक अन् बियाण्यावरचा चुंबक: पेरणीआधी थोडं

मिरग जवळ आला की आमच्या विदर्भातल्या पूर्णा नदीकाठच्या गावांत बॅगा घेऊन माणसं फिरायला लागतात. बोअरच्या पाइपाला चुंबक बसवा, खारं पाणी गोडं होते, सोयाबीन जोरात निघते, असं सगळं एका दमात. मागच्या साली मीही घेतला बाप्पा, खोटं कशाला बोलू. मग चुंबकाच्या अलीकडचं अन् पलीकडचं पाणी दोन बाटल्यांत भरून मीटर लावला, ईसी (पाण्यात क्षार किती ते सांगणारा आकडा) दोन्हीकडं तोच. पाण्यात विरघळलेला सोडियम म्हणजे काही लोखंडाचा चुरा नाही चुंबकाला चिकटून बसायला, तो पाण्यासोबत थेट वावरातच जाते. खारपाणपट्ट्यातल्या (जिथं जमिनीखालचं पाणी खारं) चोपण, म्हणजे सोडियमनं बिघडलेल्या जमिनीला माती परीक्षणात निघंल तेवढा जिप्सम, ढैंच्याचं हिरवळीचं पीक गाडणं, रुंद सरी-वरंबा अन् पावसाचं पाणी शेततळ्यात धरणं, हेच उपाय हायेत. ते पाइपाला बांधून होत नाहीत, म्हणून कोणी बॅगेत घालून विकत नाही.

पण म्हणून चुंबकाची गोष्ट सगळीच थाप आहे असंही नाही. दिल्लीच्या पुसा कृषी संशोधन संस्थेत हरभऱ्याचं कोरडं बियाणं चुंबकाच्या दोन ध्रुवांमधी ठेवून पाहिलं, तवा उगवण लवकर झाली अन् रोपांची मुळं लांब निघाली. तिथं 500 ते 2500 गॉसपर्यंतचा (गॉस म्हणजे चुंबकाचा जोर मोजायचं माप) जोर लावला होता, एक तासापासून चार तासांपर्यंत, अन् चांगला परिणाम दिसलेल्यांत 1000 गॉस एक तास हे एक माप होतं. म्हणजे जास्त जोर, जास्त वेळ तं जास्त फायदा, असा हिशोब नाही. असं बियाणं पाणी लवकर पिते, अन् आतला साठा फोडणारी विकरं (एन्झाइम) जोरात चालतात, असं सांगतात. आता आपल्या पायाखालच्या पृथ्वीचं चुंबकत्व पाहा, अर्धा गॉससुद्धा भरत नाही.

घरी अडचण येते ती इथं. जुन्या स्पीकरचा चुंबक पोत्यात खुपसला तं त्याला टेकलेल्या दाण्यांना जोर मिळते, वीतभर लांबच्या दाण्याला जवळपास काहीच नाही, कारण चुंबकाचा जोर अंतरासोबत झपाट्यानं उतरते. 30 किलोच्या बॅगेत मूठभर दाणे कसेबसे लागू होतात, बाकी बॅग जशीच्या तशी. अन् प्रयोगशाळेत लवकर उगवलेल्या रोपानं वावरात क्विंटल वाढवला, असं ठामपणे सांगता येत नाही, तिथं पाऊस, खोडमाशी अन् तण हेच जास्त बोलतात.

तरी हौस असंल तं पैसे न घालता करून पाहा. घरच्या बियाण्याची उगवण तपासायचीच असते, त्याच कामात होऊन जाते. ओल्या गोणपाटावर 100 दाणे चुंबकाजवळ तासभर ठेवलेले अन् 100 साधे, वेगवेगळ्या गुंडाळ्या करा, खूण बांधा, सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडा. सोयाबीन भिजवून मात्र ठेवू नका, साल लई पातळ असते, फुगून फुटते. सहा-सात दिवसांनी मोजा, अन् असं दोन-तीनदा करा, कारण पाच-सात कोंबांचा फरक तं एकाच पोत्यातल्या दोन मुठींतही निघते. तेवढ्या फरकावर चुंबक विकणारा तुमच्या दारात नाचते, तुम्ही नाचू नका.

साध्या गुंडाळीचा आकडा खरा कामाचा. 70 च्या वर कोंब असतील तं एकरी 30 किलो पुरते, 60 निघाले तं 35 किलो धरा, त्याच्याही खाली गेलं तं ते बियाणं पेरू नका, दुसरं शोधा. हार्वेस्टरनं काढलेल्या किंवा आदळआपट झालेल्या पोत्याची उगवण हमखास कमी येते, तिथं चुंबक काय करणार.

बीजप्रक्रिया आधी बुरशीनाशकाची, मग पेरणीच्या थोडं आधी रायझोबियम (मुळांवर गाठी करणारं जिवाणू खत) चोळून सावलीत सुकवा. अन् 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होईस्तोवर तिफनीला हात लावू नका, पहिल्या सरीला धुऱ्यावरचा शेजारी पेरत असला तरी.