दहा मीटर एअर रायफल-पिस्तुलच्या मॅचला निघताना सामान आणि पेलेट घरीच कसे तपासायचे

लेकरू पहिल्यांदा मॅचला निघालं की घरचे सगळे त्याच्या स्कोअरचं टेन्शन घेतात, सामानाकडं कोणी बघत नाही. आणि मॅच बऱ्याचदा तिथंच जाते, इक्विपमेंट कंट्रोलच्या, म्हणजे सामान नियमात बसतं का ते तपासतात त्या टेबलावर. आम्ही परभणीचे, माझी मुलगी एअर पिस्तुल मारते, सोबत दोन-तीन रायफलवाली पोरं पण येतात, तर गेल्या काही वर्षांत जे कळलं ते सगळं इथं लिहितो, आपल्याकडच्या पालकांना आणि नवीन शूटरना उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी ट्रिगर, कारण आमची मॅच ट्रिगरनंच घालवली. एअर पिस्तुलचा ट्रिगर कमीत कमी ५०० ग्रॅमचा पाहिजे, म्हणजे तेवढं वजन ट्रिगरला अडकवून उचललं तरी तो सुटता कामा नये, एक ग्रॅम पण कमी चालत नाही. एका स्पर्धेच्या आदल्या दिवशी पोरगी म्हणली पप्पा ट्रिगर जड लागतोय, मी स्क्रू थोडा ढिला केला आणि शेजारच्या किराणा दुकानातलं अर्धा किलोचं लोखंडी वजन तारेनं अडकवून बघितलं, उचललं, म्हणलं झालं. मॅचमधे तिनं ६० शॉट मारले, तिचा तोपर्यंतचा सगळ्यात चांगला स्कोअर आला, आणि मॅच संपल्यावर रँडम चेकिंगला नेमकं तिचं नाव निघालं. तीन चान्स देतात, तिन्ही वेळा वजन उचलायच्या आत ट्रिगर सुटला. डिस्क्वालिफाय. घरी आल्यावर ते वजन सराफाच्या काट्यावर ठेवलं तर ४८६ ग्रॅम. जुन्या लोखंडी वजनाच्या बुडाला एक भोक असतं, त्यात शिसं भरून वजन बरोबर केलेलं असतं, ते शिसंच पडून गेलं होतं. पोरीनं मला एक शब्द बोलला नाही, पण ती संध्याकाळ मी विसरलो नाही.

म्हणून स्वतःचं वजन तयार करा. छोट्या प्लास्टिकच्या बरणीत वाळू भरायची, जाड तारेचा हूक लावायचा, आणि हुकासकट सगळं सराफाच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर बरोबर ५०५ ग्रॅम करून झाकण चिकटवून टाकायचं, वरचे पाच ग्रॅम आपल्या मनाच्या शांतीसाठी. टेस्ट करताना पिस्तुल कॉक केलेलं, आत हवा भरलेली पण पेलेट (छर्रा) नाही, नळी सरळ वर, हूक ट्रिगरच्या मधोमध, आणि टेबलावर ठेवलेलं वजन सावकाश सरळ उचलायचं. झटका दिला तर चांगला ट्रिगर पण सुटतो. हे दहा-बारा वेळा करा, एकदा उचललं म्हणून सोडू नका, आम्ही तेच केलं होतं. आणि एकदा पास झालं की मॅच संपून चेकिंग होईपर्यंत त्या स्क्रूला हात लावायचा नाही. रायफलच्या ट्रिगरला वजनाची अट नाही, त्या पोरांची ही काळजी वाचते.

पिस्तुलचं बाकी सोपंय. वजन १५०० ग्रॅमच्या आत, आणि पूर्ण पिस्तुल ४२० बाय २०० बाय ५० एमएमच्या पेटीत बसलं पाहिजे. घरी जाड पुठ्ठ्याची तसली पेटी करून बघा. ग्रिपला पुट्टी लावून घासून हाताच्या मापाचं करायची सवय बऱ्याच जणांना असते, त्यातच रुंदी ५० च्या वर जाते आणि कळत पण नाही. ग्रिप मनगटाला आधार देता कामा नये, मनगट पूर्ण मोकळं पाहिजे, ज्या हातानं मारतो त्या हातात घड्याळ नको, बँड नको. हातातला गंडा-धागा पण त्या दिवशी दुसऱ्या हातात बांधलेला बरा, टेबलावर वाद नको. बूट घोट्याच्या खालीच पाहिजेत.

रायफलवाल्यांचं सामान जास्त, म्हणून भानगडी पण जास्त. रायफल साइटसकट (नेम धरायच्या भागासकट) साडेपाच किलोच्या आत, टेलिस्कोप चालत नाही, स्लिंग म्हणजे हाताला अडकवायचा पट्टा चालत नाही. पण खरी डोकेदुखी जॅकेट-पँट. जाडी जास्तीत जास्त एकेरी २.५ एमएम, दुहेरी घडी ५ एमएम, हे गेजवर लगेच कळतं. अवघड जातो तो कडकपणा, मशीननं दाबल्यावर कापड कमीत कमी ३ एमएम दबलं पाहिजे. आता आपल्याकडं मे महिन्यात ४२-४३ डिग्रीत प्रॅक्टिस चालते, घामानं आणि उकाड्यानं कॅनव्हास मऊ पडलेला असतो, वाटतं आपलं जॅकेट एकदम ओके आहे. तेच जॅकेट हिवाळ्यात पहाटेच्या गाडीनं पुण्याला नेलं, बालेवाडीच्या रेंजवर सकाळच्या गारठ्यात टेबलावर ठेवलं की कडक झालेलं असतं आणि फेल जातं. त्यामुळं जॅकेट घडी घालून दाबून नेऊ नका, हँगरला लावून न्या, तपासणीच्या आधी अर्धा-पाऊण तास अंगात घालून हात हलवत फिरा, विशेष करून नवीन जॅकेट. जॅकेट अंगावर सैल पाहिजे, बटणं लावल्यावर पुढून ओढलं तर आणखी ७० एमएम एकावर एक आलं पाहिजे. त्यामुळं वाढत्या वयाच्या पोराला घट्ट जॅकेट शिवू नका, सहा महिन्यात नापास होतं. जाडी जास्तीत जास्त हातमोजा एकूण १२ एमएम, बुटाचा तळवा १० एमएम, वरचं चामडं ४ एमएम, हे खरेदी करतानाच बघून घ्यायचं.

कपड्याचा नियम लोकांना माहीतच नसतो. ब्लू जीन्स, मिलिटरी छापाची पँट, बिनबाह्याचा टीशर्ट चालत नाही. एक साधी काळी ट्रॅक पँट बॅगेत असू द्या.

आता पेलेट. नियम एवढाच की ४.५ एमएमचे आणि शिशाचे किंवा तसल्याच मऊ धातूचे पाहिजेत. पण नियमात बसणारे आणि चांगले यात लय फरक आहे. मॅचला सपाट तोंडाचेच घ्यायचे, कागदावर गोल स्वच्छ भोक पडतं, टोकदार पेलेट कागद फाडतात आणि स्कोअरवरून वाद होतो. रायफलला साधारण ०.५३ ग्रॅमचे आणि पिस्तुलला त्यापेक्षा हलके वापरतात. डबीवर ४.४९, ४.५० असं डोक्याचं माप लिहिलेलं असतं आणि बॅच नंबर पण असतो. एकाच कंपनीची, एकाच मापाची दुसऱ्या बॅचची डबी तुमच्या नळीत वेगळी चालू शकते. म्हणून आधी दोन-तीन बॅचची एकेक डबी घ्या, बंदूक टेकवून पक्की धरून प्रत्येकीचे दहा-दहा शॉट एकाच ठिकाणी मारा, ज्याचं भोक सगळ्यात लहान आणि गोल तीच बॅच सीझनभराची एकदम उचला. रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या एमएमचा असतो, तिथं पेलेटचा फरक दिसतोच. पिस्तुलचा दहा ११.५ एमएमचा, म्हणून पिस्तुलवाल्यांनी सुरुवातीला महागड्या पेलेटवर पैसे घालू नयेत असं माझं मत आहे.

एसटीत डबी हादरून पेलेटचे मागचे घेर चेपतात. झाकणाखाली फोमचा तुकडा कापून बसवा आणि डबी हातातल्या बॅगेत ठेवा, डिकीत नको. मॅचचे पेलेट आदल्या रात्री उजेडात एकेक बघून वेगळे काढायचे, ६० आणि वर सायटिंगसाठी, म्हणजे मॅचआधीच्या सरावाच्या शॉटसाठी, तेवढेच. हे काम पोरीचं पोरीलाच करू द्या, तिला तिच्या सामानाची ओळख होते. नंतर हात साबणानं धुवायचे, शिसं आहे, त्या हातानं डबा उघडून भाकरी खायची नाही. हे मी रेंजवर दर वेळी ओरडून सांगतो.

बंदुकीच्या हवेच्या सिलिंडरवर तारीख कोरलेली असते, दहा वर्षांच्या वरचं लावू देत नाहीत, सेकंडहँड घेताना आधी ती तारीख बघा मग किंमत विचारा. २०० बार भरलेलं सिलिंडर उन्हात उभ्या गाडीत कधीच ठेवू नका. स्टँडवर चहाला उतरलात तरी बॅग सोबत घ्या.

सेफ्टी फ्लॅग, म्हणजे बंदूक रिकामी आहे हे दाखवणारी रंगीत तार, नळीच्या आरपार पाहिजे, दोन्ही टोकांनी बाहेर दिसला पाहिजे. विकतचा नसेल तर गवत कापायच्या मशीनची भगवी नायलॉन तार कृषी दुकानात मिळते, दोन मीटर आणली की सगळ्या पोरांचं भागतं. बंदूक पेटीतून काढल्यापासून परत पेटीत जाईपर्यंत, फायरिंगची वेळ सोडून, फ्लॅग आतच.

जादा सामानात ॲलन की, ओ-रिंग, छोटा स्क्रूड्रायव्हर, आणि जमलं तर क्लबमधून एखादं राखीव पिस्तुल बोलून ठेवा. टोकियो ऑलिम्पिकला आपल्या मनू भाकरच्या पिस्तुलात ऐन मॅचमधे बिघाड झाला, दुरुस्तीत वेळ गेला आणि फायनल हुकली, तीच पोरगी २०२४ ला पॅरिसहून दोन ब्राँझ घेऊन आली. आपल्या लेकरांना हे सांगा, पण सोबत ॲलन की पण द्या.

प्रवासात पेटी बंद, खरेदीचं बिल, आधार कार्ड आणि स्पर्धेचं पत्र वरच्या कप्प्यात. ४.५ एमएमच्या, २० ज्यूलच्या आतल्या एअरगनला लायसन लागत नाही, पण स्टेशनवरच्या पोलिसाला ते शांतपणे कागद दाखवूनच समजवावं लागतं.

मॅच झाली की ग्राउंडवर फोटो काढायला पळू नका. रँडम चेकिंगची नावं पुकारेपर्यंत पिस्तुल आहे तसं फ्लॅग लावून पेटीजवळ ठेवा आणि तिथंच थांबा.